आंतरराष्ट्रीय शाळेतली पहिली कार्यशाळा: बडोद्यातील नव्या शिक्षकांसाठी

बडोद्यात बी.एड. करून, किंवा राज्य मंडळाच्या अथवा सीबीएसईच्या शाळेत काही वर्षे शिकवून, जे शिक्षक आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळेत रुजू होतात, त्यांना पहिल्या काही महिन्यांतच ‘तुमचे नाव कार्यशाळेसाठी पाठवले आहे’ असा निरोप येतो. तो निरोप आला की बहुतेकांची धावपळ सुरू होते ती तिकिटे, रजा आणि घरची व्यवस्था यांची. प्रत्यक्ष कार्यशाळेत काय करायचे आहे, सोबत काय न्यायचे आहे आणि परत आल्यावर शाळा आपल्याकडून काय अपेक्षिते, याचा विचार गाडीत बसल्यावर होतो. कार्यशाळेचे दोन-तीन दिवस हा या सगळ्या कामातला सर्वांत लहान भाग असून, तिचे फलित आधीच्या तयारीवर आणि नंतर वर्गात केलेल्या एखाद्या नेमक्या बदलावर ठरते, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील पायऱ्या त्याच दृष्टीने मांडल्या आहेत.

पहिली पायरी: शाळेची मान्यता कोणाची, हे पाहा

शाळेच्या नावात ‘इंटरनॅशनल’ असणे आणि शाळेत आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. वासणा-भायली रस्त्याने एक चक्कर मारली तरी हा शब्द मिरवणाऱ्या पाट्या दिसतात, पण अशा नावाच्या अनेक शाळा प्रत्यक्षात सीबीएसईशी संलग्न असतात. प्रशिक्षणाचे नियम मंडळाप्रमाणे बदलत असल्यामुळे हा खुलासा पहिल्याच आठवड्यात करून घ्यावा.

इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजे आयबी, ही संस्था १९६८ साली जिनिव्हात स्थापन झाली. तिचे प्राथमिक वर्गांसाठी पीवायपी, मधल्या वर्गांसाठी एमवायपी आणि शेवटच्या दोन वर्षांसाठी डीपी हे कार्यक्रम आपल्याकडे अधिक प्रचलित आहेत. या संस्थेची मान्यता मिळवताना शिक्षकांनी तिने मान्य केलेले प्रशिक्षण घेतलेले असणे ही अट असते, आणि मान्यतेनंतर दर पाच वर्षांनी होणाऱ्या मूल्यमापनातही शिक्षकांच्या प्रशिक्षणाची नोंद पाहिली जाते. त्यामुळे नव्या शिक्षकाला कार्यशाळेला पाठवणे ही शाळेची स्वतःची गरज असते. केंब्रिज या ब्रिटिश परीक्षा मंडळाशी संलग्न शाळांत आयजीसीएसई (साधारण दहावीच्या पातळीची परीक्षा) आणि ए लेव्हल (साधारण बारावीच्या पातळीची) यांच्या विषयवार अभ्यासक्रमांसाठी वेगळे प्रशिक्षण असते. सीबीएसईच्या शाळेत मात्र राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सुचवलेले वर्षाला ५० तासांचे प्रशिक्षण बंधनकारक असून, त्यातले २५ तास मंडळाच्या किंवा शासकीय प्रशिक्षण संस्थांच्या कार्यक्रमांतून आणि उरलेले २५ तास शाळेतल्या किंवा शाळासमूहातल्या उपक्रमांतून पूर्ण करायचे असतात. एकाच आवारात दोन मंडळांचे वर्ग चालत असतील आणि आपण दोन्हीकडे शिकवत असू, तर कोणते तास कोणत्या खात्यात धरले जातील हे लेखी विचारून घ्यावे.

दुसरी पायरी: आपल्यासाठी योग्य कार्यशाळा कोणती

आयबीच्या कार्यशाळा तीन श्रेणींत विभागलेल्या आहेत. पहिली श्रेणी त्या कार्यक्रमात नव्याने आलेल्यांसाठी असते आणि तिच्यात कार्यक्रमाचे तत्त्वज्ञान, रचना आणि अंमलबजावणीची ओळख होते. दुसरी श्रेणी प्रत्यक्ष शिकवण्याचा अनुभव घेतलेल्यांसाठी असते. तिसऱ्या श्रेणीत एखाद्याच विषयाचा सखोल अभ्यास होतो. आपण पंधरा वर्षे रसायनशास्त्र शिकवले आहे, तर थेट दुसऱ्या श्रेणीत का बसू नये, असे अनुभवी शिक्षकांना वाटते. तसे करू नये. दुसऱ्या श्रेणीतली चर्चा ‘तुमच्या मागच्या तुकडीच्या अंतर्गत मूल्यमापनात काय अडचणी आल्या’ अशा प्रश्नांपासून सुरू होते आणि ज्याने डीपीची एकही तुकडी बाहेर काढलेली नाही, तो तीन दिवस केवळ ऐकत राहतो.

केंब्रिजमध्ये अभ्यासक्रमात नव्याने आलेल्यांसाठी प्रास्ताविक प्रशिक्षण असते आणि त्यापुढे मूल्यमापन किंवा अध्यापनातील एखाद्या अंगावर भर देणारे टप्पे असतात. याखेरीज ‘स्कूल सपोर्ट हब’ या संकेतस्थळावर संलग्न शाळांतील शिक्षकांना अभ्यासक्रम, जुन्या प्रश्नपत्रिका, गुणदान योजना आणि परीक्षकांचे अहवाल मोफत मिळतात. त्याचे खाते शाळेतील नेमलेली व्यक्ती उघडून देते. ते उघडून घेण्यासाठी कार्यशाळेची वाट पाहू नये.

तिसरी पायरी: तारीख, खर्च आणि लेखी अटी

शुल्क बहुधा शाळा भरते, आणि ते थोडेथोडके नसते. म्हणूनच काही शाळा शिक्षकाकडून असे लिहून घेतात की, ठरावीक मुदतीच्या आत नोकरी सोडल्यास शुल्क परत करावे लागेल. यात गैर काही नाही, पण मुदत किती, रक्कम पूर्ण की उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात, आणि प्रवास व मुक्काम त्यात धरला आहे का, हे सही करण्यापूर्वी वाचावे. संकोचापोटी न वाचता सही करणारे शिक्षक कमी नाहीत.

तारखेचा विचार शाळेच्या दिनदर्शिकेकडे पाहून करावा. केंब्रिजच्या परीक्षा जून आणि नोव्हेंबरच्या सत्रांत होतातच, शिवाय भारतातील शाळांसाठी मार्चचेही सत्र असते. आयबीच्या डीपीची परीक्षा आपल्याकडच्या बहुतेक शाळांत मे महिन्यात येते. त्यामुळे फेब्रुवारी ते मे हा काळ वरच्या वर्गांच्या शिक्षकांसाठी जवळजवळ बंदच समजावा.

प्रत्यक्ष हजेरीची कार्यशाळा असेल तर बडोदेकरांना मुंबई, अहमदाबाद, पुणे किंवा त्याहून लांबचे शहर गाठावे लागते. मुंबई रेल्वेने सुमारे ४०० किलोमीटर असल्याने आदल्या दिवशी दुपारी निघून रात्री पोहोचणे सोयीचे. पहाटे उतरून थेट सत्रात बसण्याचा हिशेब कागदावर बरा दिसतो, पण दुपारच्या सत्रात डोळे मिटू लागतात.

ऑनलाइन प्रकार दोन आहेत. एकात ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी सर्वांनी पडद्यासमोर एकत्र यायचे असते. दुसऱ्यात साधारण चार आठवडे आपल्या सोयीने वाचन, लेखन आणि चर्चेत भाग घ्यायचा असतो. पहिल्या प्रकारात नाव नोंदवताना आशिया-प्रशांत विभागाची तुकडी निवडली तर वेळा सोसण्यासारख्या असतात. दुसरा प्रकार सोपा वाटतो, पण अर्धवट राहण्याचा धोका त्यातच अधिक, कारण शाळेत तासिका कमी होत नाहीत आणि चर्चेतले लेखन रात्रीवर ढकलले जाते. नवरात्राच्या दिवसांत तर हा प्रकार घेऊच नये. बडोद्यात त्या नऊ रात्री कोणाच्याही हातून दुसरे काही होत नाही, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

चौथी पायरी: आधीचे दोन आठवडे

सर्वांत जास्त दुर्लक्ष याच पायरीकडे होते. प्रथम आपल्या विषयाची किंवा कार्यक्रमाची मार्गदर्शिका डाउनलोड करून घ्यावी. आयबीच्या शिक्षकाला ती ‘प्रोग्रॅम रिसोर्स सेंटर’वर मिळते. तिथला प्रवेशही शाळेतले कोऑर्डिनेटर, म्हणजे त्या कार्यक्रमाचे समन्वयक, करून देतात. पूर्ण मार्गदर्शिका वाचणे शक्य नसेल तर उद्दिष्टे आणि मूल्यमापन ही दोन प्रकरणे तरी पेन्सिल हातात घेऊन वाचावीत, आणि जिथे अडखळायला होईल तिथे समासात प्रश्नचिन्ह करावे. हीच प्रश्नचिन्हे कार्यशाळेत विचारायची असतात.

त्यानंतर सोबत न्यायचे साहित्य तयार करावे: आपण सध्या शिकवत असलेल्या एका घटकाचे नियोजन, त्याच घटकावरचे विद्यार्थ्यांचे तीन लेखी नमुने आणि आपण दिलेली चाचणी. नमुने निवडताना एक चांगला, एक मध्यम आणि एक अडखळलेला असे घ्यावेत. वहीवरची नावे, हजेरी क्रमांक आणि शाळेचा शिक्का झाकूनच छायाप्रत काढावी, कारण हे कागद दुसऱ्या शाळांच्या शिक्षकांच्या हातात जाणार असतात. मोबाइलमध्ये वर्गाचे फोटो नेण्याची सवय तर सोडूनच द्यावी.

बी.एड.ला ज्यांनी पाठ टाचणांच्या वह्या भरल्या आहेत आणि हर्बार्टची पंचपदी पाठ केली आहे, त्यांना इथे एक वळण समजून घ्यावे लागते. पाठ टाचणात आपण प्रस्तावनेपासून सुरू करून उपयोजनापर्यंत पोहोचतो. आयबीच्या युनिट प्लॅनरमध्ये, म्हणजे घटक नियोजनाच्या आराखड्यात, घटकाच्या शेवटी विद्यार्थ्याला काय समजलेले असावे आणि ते कशावरून कळेल, हे आधी लिहावे लागते, आणि रोजचे तास त्यानंतर आखले जातात. तरीही सराव पाठांचे कष्ट वाया जात नाहीत. उद्दिष्ट नेमक्या क्रियापदात लिहिण्याची जी शिस्त तिथे लागते, ती इथे फार उपयोगी पडते, आणि आंतरराष्ट्रीय शाळांतल्या काही जुन्या शिक्षकांपेक्षाही नवा बी.एड. शिक्षक या कामात सरस ठरतो.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष कार्यशाळेत

खोलीत भाषणासारखी मांडणी नसते. पाच-सहा जणांची टेबले, भिंतीवर मोठे कागद, टेबलावर रंगीत स्टिकी नोट्स आणि स्केचपेने असतात. कार्यशाळा घेणारी व्यक्ती बहुधा स्वतः एखाद्या शाळेत शिकवणारी असते. एका कोपऱ्यात ‘पार्किंग लॉट’ नावाचा कागद असतो. त्यावर मनातला प्रश्न लिहून चिकटवायचा आणि दिवसभरात त्याचे उत्तर मिळते. ओळखीच्या खेळांत जाणारा पहिला तासभर काहींना पोरखेळ वाटतो, पण पुढचे दोन दिवस याच लोकांसमोर आपले कच्चे काम उघडे करायचे असल्यामुळे तो तास सहन करावा.

कच्चे काम उघडे करणे म्हणजे काय, ते पीवायपीच्या एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, चौथीच्या शिक्षिकेने ‘शेअरिंग द प्लॅनेट’ या विषयसूत्राखाली विश्वामित्रीतल्या मगरींवर घटक आखला आहे. विषय उत्तम आहे. पावागढच्या डोंगरांतून येणारी ही नदी शहराच्या मध्यातून वाहते, तिच्यात मगरी राहतात, आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या लोकवस्तीत येऊन पोहोचल्या, हे चौथीतल्या मुलांनी घरी ऐकलेले किंवा पाहिलेले आहे. शिक्षिकेने लिहिलेली सेंट्रल आयडिया, म्हणजे संपूर्ण घटकाचे मध्यवर्ती विधान, अशी: ‘विश्वामित्री नदीत मगरी आढळतात आणि आपण त्यांचे रक्षण केले पाहिजे.’

टेबलावरचे सहकारी या वाक्यावर दोन आक्षेप घेतील. वाक्याचा पहिला अर्धा भाग ही माहिती आहे, ती एका मिनिटात सांगून संपते. दुसरा अर्धा भाग हा उपदेश आहे, आणि उपदेश आधीच लिहून ठेवल्यावर मुलांनी शोधायचे काय उरते? मग दुसरा खर्डा होतो: ‘माणसाची वस्ती वाढली की प्राण्यांचे अधिवास बदलतात.’ हा बरा आहे, पण एकतर्फी आहे. पुरात मगर अंगणात आली तेव्हा माणसाचेही जगणे बदललेच की. तिसऱ्या खर्ड्यात वाक्य असे होते: ‘एकाच अधिवासात राहणारे सजीव एकमेकांच्या जगण्यावर परिणाम करतात.’ आता त्यात विश्वामित्री नाही आणि मगरही नाही, म्हणून शिक्षिकेला ते बेचव वाटण्याचा संभव आहे. पण याच वाक्याची कसोटी घेता येते: मुलाने ते गीरच्या सिंहांना किंवा मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानालगतच्या बिबट्यांना लावून पाहिले तर ते टिकते का? टिकते. पहिले वाक्य टिकत नव्हते.

मगर नाहीशी झालेली नसते, ती ‘लाइन्स ऑफ इन्क्वायरी’त, म्हणजे मुलांनी घटकात शोध घ्यायच्या मुद्द्यांत, उतरते: नदीकाठच्या अधिवासाची रचना, बांधकाम, सांडपाणी आणि पूर यांमुळे त्यात होणारे बदल, आणि माणूस व मगर समोरासमोर आल्यावर घेतले जाणारे निर्णय व ते घेणारे लोक. शेवटच्या ओळीतून वनखाते, महानगरपालिका आणि मगरी पकडून सुरक्षित सोडणारे स्वयंसेवक आपोआप वर्गात येतात. एवढ्या तीन ओळींसाठी टेबलावर सहज दीड तास जातो आणि तो योग्य ठिकाणी गेलेला असतो. ज्याने घरून घटक आणला नसेल, त्याला हा दीड तास दुसऱ्याच्या घटकावर घालवावा लागतो.

वरच्या वर्गांच्या कार्यशाळांत असाच वेळ उत्तरपत्रिका तपासण्यात जातो. केंब्रिजच्या प्रशिक्षणात एकच उत्तर सर्वांनी स्वतंत्रपणे तपासायचे आणि मग गुण पडताळायचे, असा सराव होतो. आपल्याकडच्या शिक्षकांची एक सवय तिथे लगेच उघडी पडते: ते अर्धा गुण देतात. केंब्रिजच्या गुणदानात गुण नेहमी पूर्णांकातच असतो, आणि जे बरोबर लिहिले आहे त्याचा गुण द्यायचा, चुकीबद्दल कापायचा नाही, हेही तत्त्व ठरलेले आहे. अक्षर, शुद्धलेखन किंवा आकृतीतला नीटनेटकेपणा यांच्यासाठी प्रश्नात गुण ठेवलेले नसतील, तर त्यांचा विचार करता येत नाही. ज्या शिक्षकाने वर्षानुवर्षे लाल पेनाने ‘अर्धा’ दिला आहे, त्याचा हात इथे थबकतो. प्रश्नातील आज्ञार्थी क्रियापदाकडेही याच सरावात लक्ष वेधले जाते. ‘डिस्क्राइब’ म्हटले असता कारणे लिहिणाऱ्या मुलाला त्या कारणांचे गुण मिळत नाहीत, आणि ‘एक्स्प्लेन’ म्हटले असता नुसते वर्णन पुरत नाही. आयबीच्या डीपीत दीर्घ उत्तरांसाठी गुणांचे पट्टे असतात आणि संपूर्ण उत्तर कोणत्या पट्ट्याच्या वर्णनाशी अधिकात अधिक जुळते ते ठरवायचे असते, एकेक मुद्दा मोजायचा नसतो. या दोन पद्धतींत गोंधळ करू नये.

इंग्रजीत बोलण्याचा संकोच हा मराठी आणि गुजराती, दोन्ही माध्यमांतून आलेल्या शिक्षकांना सतावतो. कार्यशाळेत कोणी उच्चार तपासत नाही. छोटी वाक्ये बोलावीत, न समजलेली संज्ञा तिथल्या तिथे विचारावी, आणि टेबलावर एखादा सहकारी मराठी बोलणारा निघाला तरी मधल्या सुट्टीपर्यंत मराठीत शिरू नये, कारण त्यामुळे टेबलावरचे बाकीचे बाहेर पडतात. एकही सत्र चुकवू नये. पूर्ण उपस्थिती नसेल तर प्रमाणपत्र मिळत नाही, आणि ‘परतीची गाडी लवकर आहे’ हे कारण त्यासाठी चालत नाही.

सहावी पायरी: परतल्यानंतरचे पंधरा दिवस

परत आल्यावर बहुतेक शाळा सहकाऱ्यांसमोर सादरीकरण करायला सांगतात. कार्यशाळेतल्या सगळ्या स्लाइड पुन्हा दाखवण्याचा मोह आवरावा, शिवाय त्या साहित्यावर संस्थेचे हक्क असल्याने ते सर्रास वाटताही येत नाही. आपला घटक आधी कसा होता आणि आता कसा झाला, हे दोन कागद शेजारी ठेवून पंधरा मिनिटांत दाखवावे. सहकाऱ्यांच्या उपयोगी पडते ते एवढेच.

वर्गात एकाच वेळी सारे बदलू नये. एक चाचणी, एक घटक किंवा अभिप्राय देण्याची एक पद्धत निवडून ती पंधरा दिवसांत करून पाहावी आणि तिचे विद्यार्थ्यांच्या कामावर काय परिणाम झाले, ते अर्ध्या पानात लिहून कोऑर्डिनेटरांना द्यावे. हे अर्धे पान पुढच्या मूल्यमापनाच्या वेळी शाळेला हवे असते, आणि पुढच्या वर्षी आणखी एखाद्या कार्यशाळेसाठी अर्ज करताना आपल्यालाही हवे असते. प्रमाणपत्राची एक प्रत शाळेत, एक स्वतःच्या ईमेलवर ठेवावी. शाळा बदलताना जुन्या कार्यालयाकडे ती मागत बसण्याची वेळ येऊ नये.

सातवी पायरी: खर्चाविना शिकण्याच्या जागा

दरवर्षी शुल्काची कार्यशाळा मिळेलच असे नाही. दक्षिण आशियातील आयबी शाळांची साइब्सा ही संघटना एकाच विषयाच्या शिक्षकांना एकत्र आणणारी ‘जॉब-अलाइक’ सत्रे घेते. आपली शाळा सदस्य आहे का, ते विचारावे. शहरातच महाराजा सयाजीराव विद्यापीठाची शिक्षण व मानसशास्त्र विद्याशाखा आहे. तिथे होणारी व्याख्याने आणि चर्चासत्रे यांच्याकडे लक्ष ठेवावे. आंतरराष्ट्रीय शाळांतील शिक्षक एकदा नोकरी लागली की त्या बाजूला फिरकत नाहीत, याचे मला आश्चर्य वाटते. गुजरातीच्या शिक्षकांनी आणखी एक लक्षात घ्यावे. गुजरात विधानसभेने २०२३ मध्ये केलेल्या कायद्यानुसार पहिली ते आठवीपर्यंत सर्व मंडळांच्या शाळांत गुजराती शिकवणे सक्तीचे आहे, आणि त्यामुळे आयबी-केंब्रिजच्या चौकटीत गुजराती कशी शिकवावी, हा प्रश्न जवळपास प्रत्येक शाळेपुढे आहे. दोन-तीन शाळांच्या भाषाशिक्षकांनी महिन्यातल्या एका शनिवारी एकत्र बसून घटक आणि चाचण्या ताडून पाहिल्या, तर त्यासाठी कोणाच्या परवानगीचीही गरज नाही.

पुढची कार्यशाळा कधी घ्यावी

पीवायपीच्या शिक्षकाने एक पूर्ण वर्ष आणि डीपीच्या शिक्षकाने दोन वर्षांची एक तुकडी पूर्ण केल्यावर दुसऱ्या श्रेणीचा विचार करावा. अपवाद एकच. डीपीचे विषय साधारण सात वर्षांच्या चक्राने बदलतात, आणि नवी मार्गदर्शिका आली की त्या विषयासाठी खास परिसंवाद घेतले जातात. मार्गदर्शिकेच्या मुखपृष्ठावर ‘फर्स्ट असेसमेंट’ या शब्दांपुढे जे वर्ष छापलेले असते, त्याच्या दोन वर्षे आधी पहिली तुकडी त्या अभ्यासक्रमाला बसते. ते वर्ष जवळ आले असेल, तर अनुभव कितीही असो, त्या परिसंवादासाठी आपले नाव कोऑर्डिनेटरांकडे वेळेत द्यावे.